रपोट कोणी लिहून घेतला?

सोनी वाहिनीवरची 'सी.आय.डी.' ही मालिका २०१८ साली बंद झाली होती. २१ डिसेंबर २०२४ रोजी ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा आमच्या घरातील पोरासोरांनी जो गलका केला तो ऐकून आम्हा भावंडांना पंचवीस वर्षांपूर्वीची आमची वस्ती आठवली. आम्ही तिघे : दोन भाऊ आणि एक बहीण. गाव ढाणकी, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ. हे लिखाण तिघांनी मिळून केले आहे, आठवणीही तिघांच्या आहेत, म्हणून लिहिताना 'आम्ही' असेच लिहितो.

आमच्या घरी टी.व्ही. आला तो १९९९ साली. बाबांनी त्या वर्षीच्या कापसाच्या पैशातून एक जुना, चौदा इंची, काळा-पांढरा संच आणला. केबलची तार शेजारच्या घरावरून ओढली आणि महिन्याचे पैसे दोन घरांनी वाटून घेतले. त्याआधी टी.व्ही. पाहायचा तर दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे. दूरदर्शनवरचा 'करमचंद' आणि 'ब्योमकेश बक्षी' आम्ही असेच, कोणाच्या तरी खिडकीतून, अर्धेमुर्धे पाहिले होते. आता आपल्या घरात, आपल्या सतरंजीवर बसून पाहायला मिळणार, याचे अप्रूप काय सांगावे!

'सी.आय.डी.' सुरू झाली ती २१ जानेवारी १९९८ रोजी. तिचे कर्ते बी. पी. सिंग हे मुंबई दूरदर्शनवर बातम्यांचे छायाचित्रकार होते. शिवाजी साटम यांना घेऊन त्यांनी आधी 'एक शून्य शून्य' ही मराठी पोलीस मालिका केलेली होती. साटम पूर्वी बँकेत नोकरीला होते असे कोठेतरी वाचल्यापासून वस्तीतील मंडळी त्यांना 'आपल्यातलाच माणूस' समजत. ते झाले ए.सी.पी. प्रद्युम्न. दार तोडणारा दया म्हणजे दयानंद शेट्टी, शांत डोक्याचा अभिजीत म्हणजे आदित्य श्रीवास्तव, प्रयोगशाळेतले डॉक्टर साळुंके म्हणजे नरेंद्र गुप्ता आणि सर्वांना हसवणारा फ्रेडरिक्स म्हणजे दिनेश फडणीस. ही नावे आमच्या वस्तीत घरच्या माणसांसारखी घेतली जात.

मालिकेच्या रात्री आमच्या आठ बाय दहाच्या खोलीत वीस-बावीस माणसे मावत. बाया भिंतीला टेकून, पोरे पुढे, बाप्ये दारात. खुनी कोण यावर चहाच्या पैजा लागत. आमचे एक मामा पहिल्या पाच मिनिटांतच खुनी सांगून मोकळे होत आणि दर दहा मिनिटांनी तो बदलत. शेवटी मात्र "मी तं पयलेच म्हनलं होतं" असे म्हणून चहा वसूल करीत. पुढच्या काळात भारनियमन वाढले. ऐन वेळी, खुन्याच्या थोबाडीत बसण्याआधीच दिवे जात, आणि मग खुनी कोण हे दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर विचारून यावे लागे.

आम्हा दोघा भावांनी एकदा दया व्हायचे ठरवले आणि मोरीचे फळकूट खांद्याने धडक देऊन तोडले. फळकूट एका धडकेत मोडले, पण बाबांनी आमची जी खबर घेतली ती कोणत्याही भागात दाखवलेली नव्हती. नवे फळकूट बसवेपर्यंत आईने मोरीला लुगड्याचा पडदा लावला होता.

वाचकहो, इथवरची गोष्ट कोणत्याही गावातली आहे. पण आमच्या खोलीत जी माणसे बसत त्यांतल्या काहींची पाहण्याची तऱ्हा वेगळी होती, आणि ती समजायला आम्हाला बरीच वर्षे लागली.

पहिले आमचे आबाजी, म्हणजे आजोबा. ते कोतवाल होते. कोतवाल म्हणजे गावचा सर्वांत खालचा सरकारी नोकर. दवंडी द्यायची, साहेबांचे बिऱ्हाड उचलायचे, निरोप पोचवायचे. आपल्या समाजाने महारकी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जे केले, सरकारचा कागद वाहिला, चोराचा माग काढला, मर्तिकाची वर्दी दिली, त्याचाच तो नवा अवतार. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले ते याच जोखडातून माणसे सोडवावीत म्हणून.

तर हे आबाजी कोपऱ्यात बाजेवर बसून मालिका पाहत. पडद्यावर प्रेत दिसले, भोवती पिवळी फीत लागली, गाडीतून साहेब मंडळी उतरली, की ते विचारीत, "याच्यापाशी रातभर राखनीले कोन होता?" आम्ही हसत असू. अहो आबाजी, मालिका आहे ती! पण त्यांच्या दृष्टीने तो साधा, व्यवहाराचा प्रश्न होता. विहिरीत किंवा नदीकाठी प्रेत सापडले की पोलीस येऊन पंचनामा होईपर्यंत त्याची राखण करायची ती कोतवालाने. पावसाळ्यात पैनगंगेच्या काठी कंदील घेऊन, कुत्री हाकलीत, एका अनोळखी प्रेताशेजारी त्यांनी अख्खी रात्र काढली होती. सकाळी साहेब आले, पंचनामा झाला, पंचांना चहा मिळाला. आबाजींना प्रेत उचलायला सांगितले. पाणी विचारायचे मात्र कोणाला सुचले नाही. ते ही गोष्ट रागाने सांगत नसत. फक्त शेवटी म्हणत, "टीवीवाल्याईले एवढं मालूम नाई, प्रेत एकटं रायत नसते." २००३ साली आबाजी गेले. त्या रात्री त्यांच्याजवळ सारी वस्ती बसून होती.

दुसरी आमची आई. तिचा प्रश्न ठरलेला. मालिकेत तपास रंगात आला की ती हळूच विचारी, "हे पोलीस आले खरे, पन रपोट कोनं लिवून घेतला रे बापू?"

आई शाळेत गेलेली नाही, पण हा प्रश्न तिने फार मोठे मोल देऊन कमावला होता. १९९७ ची गोष्ट. आमच्यातली बहीण त्या वर्षी बारावी झाली होती. मास्तरीण व्हायचे, डी.एड. करायचे, असे तिने ठरवले होते. यवतमाळला राहायचे म्हणजे खोली, जेवण, पुस्तके, कपडे. त्यासाठी आईने तीन शेळ्या आणि एक बोकड राखून ठेवला होता. एका रात्री गोठ्याची ताटी सरकवून चारही जनावरे कोणी तरी नेली.

आई ठाण्यात गेली. कोणते ठाणे ते आम्ही लिहीत नाही. ते साहेबही आता निवृत्त झाले असतील. पहिल्या दिवशी सांगितले, साहेब बाहेर गेले आहेत, उद्या या. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न आला, आडनाव काय? दुसरा, कोणत्या वस्तीतली? मग म्हणाले, लेखी अर्ज आण. थोरल्या भावाने, तो तेव्हा नववीत होता, वहीचे पान फाडून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. तिसऱ्या दिवशी अर्ज ठेवून घेतला, पण पोच दिली नाही. शेळ्या तुझ्याच होत्या कशावरून, असा सवाल झाला. शेळीला काय सात-बारा असतो? आई ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसली आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून उठून आली. तीन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

शेळ्या मिळाल्या नाहीत. बहीण एक वर्ष घरी राहिली, दुसऱ्या वर्षी तिचे लग्न ठरले. आज ती अंगणवाडी सेविका आहे, तिच्या हाताखालून शेकडो लेकरे गेली. तिची तक्रार नाही. पण तिचेच हे वाक्य येथे जसेच्या तसे लिहिण्याचा तिचा आग्रह आहे : "शेळ्या चोरानं नेल्या, पण माझं डी.एड. न लिहिलेल्या कागदानं नेलं." आम्ही भावांनी तिला समजावले की रपोट लिहिला असता तरी शेळ्या मिळाल्याच असत्या असे नाही. ती म्हणाली, "नसत्या मिळाल्या. पण आपलं काही गेलं, हे तरी सरकारच्या वहीत राहिलं असतं."

आईच्या प्रश्नानंतर आम्ही मालिका नीट पाहू लागलो, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. साळुंके आणि फ्रेडरिक्स सोडले तर या मंडळींना आडनावेच नाहीत! प्रद्युम्न, दया, अभिजीत. पुढे, मागे काही नाही. फिर्याद घेऊन येणाऱ्यालाही कोणी आडनाव विचारून वर-खाली पाहत नाही. मोलकरीण असो, वॉचमन असो, ए.सी.पी. साहेब त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतात. मालिका आपल्या वस्तीत इतकी का आवडली, याचे उत्तर आम्हाला येथे सापडते. लोक म्हणतात, दार तोडणे आवडते, थापड आवडते. ते खरेच. पण त्याहून अधिक आवडते ते ऐकून घेणे. न बोलावता पोलीस येतात, विचारपूस करतात, प्रयोगशाळेत मिनिटात निकाल लागतो आणि तासाभरात न्याय होतो. आमच्या भागातला व्हिसेरा अमरावती-नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाची वाट पाहण्यात महिने जातात, हे ठाऊक असलेली माणसेसुद्धा तो तासभर ते विसरून जात. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून आलेल्या बाईला एक तास असा मिळावा, यात वावगे काय?

पण विसरता न येणारे दिवसही आले. २ ऑक्टोबर २००६ रोजी, धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाला, आमच्या वस्तीतून ट्रक भरून माणसे नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. आई होती, आम्हीही होतो. केवढा तो जनसागर! तीनच दिवसांपूर्वी, २९ सप्टेंबरला, त्याच नागपूरपासून फार दूर नसलेल्या भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली होती. आम्ही दीक्षाभूमीवर उभे होतो आणि आम्हाला ते ठाऊक नव्हते. पुढे कित्येक दिवसांनी बातमीला तोंड फुटले, मोर्चे निघाले, पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, तपास सी.बी.आय.कडे गेला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची कैद केली. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा मात्र दोन्ही न्यायालयांत लागू झाला नाही. मागे उरलेला बाप लढता लढता जानेवारी २०१७ मध्ये गेला.

ती बातमी वस्तीत समजली त्या आठवड्यात मालिकेची रात्र आली, तेव्हा आमच्या खोलीत नेहमीसारखी माणसे जमली. कोणी टी.व्ही. लावा म्हणाले नाही. आईने बटणाकडे हात नेला आणि परत घेतला. खूप वेळाने एक म्हातारी म्हणाली, "त्याइच्याकडे कोन गेलं असन दया?" कोणी उत्तर दिले नाही. माणसे तशीच बसली आणि तशीच उठून गेली.

त्यानंतर आम्ही मालिका पाहणे सोडले का? नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मंडळी जमू लागली. आम्हाला तेव्हा याचा रागही आला होता. आता येत नाही. माणूस दुःख विसरला म्हणून मालिका पाहत नसतो. जगात असे व्हायला पाहिजे, हे कोठेतरी पाहायला मिळावे म्हणून पाहतो. एवढे मात्र झाले की आमच्या खोलीत तिच्याकडे पाहण्याची नजर बदलली. दार तुटले की पोरे टाळ्या वाजवीत आणि आई आपला प्रश्न विचारी. टाळी आणि प्रश्न, दोन्ही एकाच खोलीत नांदू लागले.

मालिका वीस वर्षे चालली. २००४ साली तिचा १११ मिनिटांचा एक भाग कोठेही न तोडता एका दमात चित्रित झाला, त्याचा विक्रमही नोंदला गेला. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी ती थांबली. डिसेंबर २०२३ मध्ये दिनेश फडणीस गेले, तेव्हा वस्तीत अनेक जण घरचे कोणी गेल्यासारखे हळहळले. मग २०२४ अखेर नवे पर्व आले. आता पोरे ते मोबाइलवर, जो तो आपापल्या कोपऱ्यात पाहतो. एप्रिल २०२५ मध्ये ए.सी.पी. प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखवला, तर देशभरातील प्रेक्षकांनी केवढी नाराजी व्यक्त केली! त्यांच्या जागी नवा ए.सी.पी. आला, तोही लोकांना पटेना, आणि थोड्याच दिवसांत साटम पुन्हा पडद्यावर दिसले. आई आता थकली आहे. नातीने तिला सांगितले, "आजी, साहेब मेलेच नव्हते." आई हसून म्हणाली, "बरं झालं माय. लोकाईनं तकरार केली, अन् ती कोनं तरी लिवून घेतली."

आम्ही तिघेही चमकलो. खरेच की! एका मालिकेतील माणसासाठी लाखो लोकांनी आवाज केला आणि तो वाहिनीला ऐकावा लागला. तोच आवाज, तीच चिकाटी, आपण ठाण्याच्या ओट्यावर का दाखवत नाही? याचे एक कारण भीती आणि दुसरे कारण अज्ञान. भीती एका लेखाने जाणार नाही, पण अज्ञान थोडे दूर करता येईल. म्हणून मालिकेत कधीच न दाखवलेली गोष्ट येथे सांगतो.

दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी ठाण्याच्या अधिकाऱ्याने ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि तिची प्रत फुकट द्यायची. हा नियम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम १५४ मध्ये होता. म्हणजे आई ओट्यावर बसली होती तेव्हाही होता. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ललिता कुमारी खटल्यात सांगितले की, खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. नोंद नाकारली तर तक्रारीचा मजकूर लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा. तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने, पीडिताची तोंडी खबर लिहून, वाचून दाखवून नोंदवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे. त्यात जाणूनबुजून कसूर केली तर तो स्वतःच गुन्हेगार ठरतो. बंधू-भगिनींनो, एवढे कात्रण घरातील कागदपत्रांच्या पेटीत ठेवून द्या. आमच्या आईकडे हे कात्रण नव्हते.

शेवटी एक घरची बातमी. बहिणीची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते आहे. पहाटे पाचला उठून मैदानावर जाते. ८०० मीटर धावते, १०० मीटर धावते, गोळा फेकते. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मागच्या भरतीत लेखीला थोडक्यात राहिली. दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे बूट घालून निघाली. तिला दया व्हायचे नाही. कोणी विचारले तर सांगते, "मला ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसायचं आहे." साध्या, धुळीच्या, फायलींच्या त्या टेबलावर. तिच्या भावांना ते मिळमिळीत वाटते. आम्हाला वाटत नाही.

ती निवडली जाईल की नाही, कोण जाणे. जागा थोड्या आणि धावणारी पोरे फार. पण ती रोज पहाटे निघते तेव्हा आई बाजेवर जागीच असते. नात पाया पडते आणि आई एकच सांगते. ते आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता पाठ झाले आहे :

"जाय माय. अन् कोनी म्हातारी आली, तं पयले तिले बसाले सांगजो. मंग तिचा रपोट लिवजो."